आत्मारामचं पाणी

भाट्ये, रत्नागिरी
रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. अक्षया,

फर्रर्र... फस्स्! आठवतो का गं तुला हा आवाज? हॉटप्लेटवरच्या बशीत तो तपकिरी पाक आधी मधासारखा दाटायचा, मग फेसाळून दुप्पट व्हायचा. आपण दोघं श्वास रोखून बघत असताना कुठल्यातरी कडेला ठिणगी धरायची आणि फर्रर्र करत सगळा पाक पेटून उठायचा. तू मागे उडी मारायचीस. बशीत उरलेली काळी, पिसासारखी हलकी राख बघून टाळ्या वाजवायचीस. संशोधन करणारी बाई आणि टाळ्या! काल दुपारपासून तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

बघ, आशीर्वाद लिहायचे राहूनच गेले. तुला, रूपेशरावांना आणि मुलांना आत्माकाकाचे आशीर्वाद. गुहागरात थंडी कशी आहे? इथे सकाळी दहापर्यंत उन्हात बसावंसं वाटतं. कलमांना मोहोर बरा आहे, पण टिकेल तेव्हा खरा. तुझी मथुराकाकू गेल्याला या मार्गशीर्षात चार वर्षं झाली. तुझी आई गुडघे आणि कान सोडले तर ठीक आहे. दोन घरांपलीकडे असते, तेव्हा रोज एक फेरी होतेच माझी.

तुला फोन लावला होता. तू उचलला नाहीस. बरंच झालं, फोनवर मला हे सांगता आलं नसतं.

काल कॉलेजात आपल्या विभागाचा कार्यक्रम होता. जुन्या माणसांना बोलावलं होतं, म्हणून माझ्यासारख्या जुन्या शिपायालाही. मी पांढरा सदरा घालून मागच्या बाकावर बसलो. प्रयोगशाळा पूर्ण बदलली आहे, पण खिडकीबाहेरचं रामफळ तसंच आहे. ते बघत बसलो आणि मनात आपली ती कविता सुरू झाली. तू विसरली असशील. तुझ्या पहिल्या वर्षी तू क्रम चुकवायचीस, म्हणून मी शाळेतल्या कवितांच्या चालीवर जुळवून दिली होती:

लोह दोन अन् कोबाल्ट एक, सायट्रिकसंगे विरू द्या,
थेंब थेंब अमोनिया घाला, सातावरती स्थिरू द्या,
मंद आचेवर हळूहळू मग पाक घट्टसा होऊ द्या,
भडका उडता दूर सरा अन् राख तेवढी राहू द्या.

माझं असंच. समोर कोण काय बोलतंय याकडे लक्ष नाही आणि आत कविता चाललेली. तेवढ्यात पूर्वी नावाची मुलगी बोलायला उभी राहिली. तुझ्यासारखीच पीएच.डी. करते आहे, तेही कोबाल्ट फेराइटच्याच नॅनोकणांवर. पडद्यावर तिने दोन आलेख दाखवले. पहिला जाडा. तू त्याला पापलेट म्हणायचीस बघ, पोट सुटलेला. म्हणजे चुंबकाजवळ नेलं की पावडर चुंबक होते आणि चुंबक काढून घेतला तरी तो गुण सोडत नाही. दुसरा आलेख एका रेघेचा, नुसता वळलेला. चुंबक जवळ आहे तोवर धावते, काढला की सगळं विसरते.

अक्षया, ती तुझी रेघ होती.

मी डोळे चोळले. पूर्वी सांगत होती की कण फारच बारीक झाले की असं होतं. आणि ते इतके बारीक करायला तिने पाकात काय घातलं म्हणशील? मीठ. आपल्या घरातलं, आमटीतलं मीठ! मिठामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत, वाढत नाहीत, म्हणाली. एका प्राध्यापकांनी विचारलं, "पण मग मीठ पावडरीत राहत नाही का?"

"नाही सर," ती म्हणाली, "राख दोनतीनदा पाण्याने धुतली की निघून जातं. नंतर क्ष-किरणांखाली बघा, मागमूस लागत नाही."

तू राख तीनदा धुवायचीस. इतर कुणी नाही धुवायचं, तू धुवायचीस.

मला काय झालं ते सांगता येत नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा मला कळलं की माझे हात मांडीवर उताणे पडले आहेत. चहाच्या वेळी त्या मुलीपाशी गेलो. म्हटलं, "बाय, ही दुसरी रेघ मी पाहिलेली आहे."

"कुठे, काका?"

"ह्याच खोलीत. दोन हजार दहा साली."

ती आधी हसली. माझं तोंड बघून हसायची थांबली. मग मी तुझं नाव सांगितलं. तुझा तो छापून आलेला आणि मग मागे घेतलेला लेख तिला माहीत होता. "पण त्यातले आकडे बनवलेले होते ना?" ती म्हणाली. अगदी साधेपणाने म्हणाली. तिचा काही दोष नाही, तिला तसंच सांगितलं गेलं आहे.

मी घरी कसा आलो ते आठवत नाही. भाट्याच्या पुलावर आल्यावर बघतो तर पायात दुसऱ्याच कुणाच्या चपला.

तुझे आकडे खरे होते. चौदा वर्षं झाली, गं. तुझे आकडे खरे होते.

तुझी वही माझ्याकडे आहे. तू जाताना रद्दीच्या ढिगावर टाकलीस ती. मी ती उचलून घरी आणली आणि माझ्या चौथीच्या बालभारतीशेजारी ट्रंकेत ठेवली. पूर्वीला ती हवी आहे. तुझ्या परवानगीशिवाय देणार नाही.

तेव्हा मीठ कुठून आलं असेल, असं तू विचारशील. समुद्रावरचं गाव आपलं, वाराच खारा, काय सांगावं.

उत्तर लिही. 'वही द्या' एवढे दोन शब्द लिहिलेस तरी पुरे.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
आत्माकाका


भाट्ये
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

चि. अक्षया,

आशीर्वाद. सोळा दिवस झाले. पोस्टमनला मी रोज विचारतो आणि तो रोज लांबूनच हात हलवतो. पत्र पोचलं नसेल अशी आशा धरावी, तर ते मी स्वतः रजिस्टर केलं होतं आणि पोचपावतीवर तुझी सही आहे. म्हणजे तू वाचलंस.

परवा पूर्वी घरी आली होती. ओटीवर बसली, कोकम सरबत प्यायली आणि वहीच्या ट्रंकेकडे सारखी बघत म्हणाली, "काका, मी हिशेब करून पाहिला. खाऱ्या वाऱ्याने एवढं मीठ येत नाही. त्या दिवशी पाकात चांगलं मूठभर मीठ गेलेलं असणार. ते कुठून आलं हे सांगणारं कुणीतरी हवं, सहीनिशी. नाहीतर बाईंचं नाव मी कसं घालू?" तिचा लेख या महिन्याअखेर जायचा आहे. त्यात ती लिहिणार आहे की हा गुण सर्वांत आधी इथेच, तुझ्या हातून दिसला होता आणि तो खरा होता.

मी म्हटलं, आठवून सांगतो.

आठवायला काय झालं? मला त्या दिवशी कुठल्या खिशात रुमाल होता ते आठवतं. मागच्या पत्रात मी तुला वाऱ्याचं सांगितलं. ते खोटं आहे.

ऑगस्ट महिना. हातखंब्याच्या बाजूला मोठ्या लाइनवर झाड पडलं होतं आणि चार दिवस वीज नव्हती. तुझे गाईड देवस्थळी सर मुंबईला गेलेले. तुझे नमुने मोजायला पाठवायची तारीख ठरलेली. ती चुकली असती तर पुढची दिवाळीनंतर होती. तू गॅसची शेगडी मांडून तयार होतीस आणि म्हणालीस, "काका, डिस्टिल्ड पाणी संपलंय." मी काय म्हणालो? "बाय, आत्माराम आहे ना."

पाणी काढायचं काम माझं, पण ऊर्ध्वपातनाचं यंत्र विजेवर चालायचं. वीज नाही म्हणजे पाणी नाही, हे कुणीही सांगितलं असतं आणि तू थांबली असतीस. पण माझ्या डोक्यात तिसरीची कविता. ढग समुद्राचं पाणी उचलतात, मीठ खाली ठेवतात आणि गोड करून आपल्याला देतात, असं गुरुजींनी शिकवलेलं. मला वाटलं, हेच तर आपलं यंत्र करतं! मग पावसाच्या पाण्याला काय झालं? घरी पन्हळीखाली कॅन लावला, तासाभरात भरला, तो एस.टी.ने कॉलेजात आणला. बाटलीत ओतलं. बाटलीवर माझ्या हाताने चिठ्ठी चिकटवली.

तू विचारलंस, "वीज नसताना डिस्टिल्ड कुठलं?"

मी म्हटलं, "आधीचं राखून ठेवलेलं."

तुझ्याशी बोललेलं हे माझं पहिलं खोटं. तुझी बाटली मी कॅनच्या अगदी तळातून भरली होती.

त्या दिवशी पाक फर्रर्र पेटला नाही. आठवतं? नुसता सुस्कारा टाकल्यासारखा एका कडेने जळत गेला. तू म्हणालीस, "काका, आज हा रुसलाय." आपण हसलो.

सोमवारी वीज आली. उरलेलं पाणी मी सवयीने तपासलं. सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकला. पाणी खारं नसेल तर काही होत नाही. हे दुधासारखं पांढरं झालं, अक्षया. मी परीक्षानळी उजेडात धरून बघतच राहिलो. मग सगळं ओतून दिलं, बाटली धुतली, चिठ्ठी खरवडून काढली. तुझे नमुने तेव्हा कुरिअरने गेलेही होते. म्हटलं, बिघडलेलेच निघतील, तू पुन्हा करशील, एक खेप वाया गेली एवढंच.

पण रिपोर्ट आला तो तसा! देवस्थळी सरांनी पेढे मागवले. तुझ्या आईने मला पापलेटं पाठवली. सगळीकडे आनंद. त्यात मी पांढरं झालेलं पाणी कुठे काढू? मला वाटलं, मिठाचा आणि याचा काही संबंध नसेलच. खरंच असं वाटलं का, की वाटून घेतलं, ते आता सांगता येत नाही.

पुढचं तुला माहीत आहे. बाहेरच्या लोकांना ते जमेना. तू अकरा वेळा केलंस, माझ्या चांगल्या, शुद्ध पाण्यात. अकरा वेळा पापलेट. आणि मग ती सभा. मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभा होतो. बाहेरून आलेल्या त्या गृहस्थांनी बरोबर बोट ठेवलं होतं. "त्या खेपेच्या पाण्यात काही दोष असेल का?" आणि आपले सर, देव त्यांना शांती देवो, म्हणाले, "पाणी आत्मारामचं आहे. त्यावर शंका नको."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी मान हलली. होकाराची.

"मग आकडे कुणी बनवले?" सर तुला म्हणाले. तू एकेकाच्या तोंडाकडे बघत गेलीस. माझ्याकडेही.

माझी नोकरी पक्की होती, निवृत्तीला दोन वर्षं होती, मला कुणी काढलं नसतं. फार तर सर ओरडले असते. मग का गप्प बसलो? चौतीस वर्षांत माझ्या नावाने एकच गोष्ट होती. 'आत्मारामचं पाणी.' कोल्हापूरहून येणारे परीक्षकसुद्धा म्हणायचे. शिपायाच्या नावाने कॉलेजात दुसरं काय असतं? ती एक ओळ मला सोडवेना. तिच्यापायी मी तुला सोडलं.

इथे पत्र संपवणार होतो. घडीसुद्धा घातली. पुन्हा उघडलं.

तो कॅन कुणाचा, हे मला लिहायचं नव्हतं. तुझ्या आईचा होता. माझा फुटला होता म्हणून मी तिच्याकडून आणला. तिने देताना बजावलं होतं, "खाऱ्या बांगड्याचा हाय हां. तीन पाण्यानं धू, आत्मा, खडे हायत तळाला." मी एकदा विसळला, तेवढ्यात पावसाची जोराची सर आली आणि मी कॅन पन्हळीखाली सरकवून चहा प्यायला आत धावलो. तेव्हा तिचा यात काडीचा दोष नाही. तू तसं क्षणभरही मनात आणू नकोस.

आणि आणखी एक. हे झाल्याशिवाय पत्र पुरं होत नाही.

तू कॉलेज सोडून घरी बसलीस, कुणाशी बोलेनास, तेव्हा एका सकाळी यमुनावहिनी माझ्याकडे आली. माशांची टोपली तशीच डोक्यावर. उतरवलीही नाही. म्हणाली, "आत्मा, तू रोज तिच्यासंगती असतोस. मला अडाण्याला काय कळत नाय. खरं सांग, माझ्या पोरीनं लबाडी केली काय?"

मी म्हटलं, "वहिनी, त्या आकड्यांतलं मला शिपायाला काय कळतं?"

ती समजायचं ते समजली. टोपली घेऊन गेली. पुढच्या महिन्यात गुहागरचं स्थळ आलं. तुझ्या लग्नात मंगलाष्टकं मीच म्हटली, स्वतः रचलेली. लोक वा वा म्हणाले.

तुला जे करायचं ते कर. मला शिव्या दे, माझं नाव त्या लेखात घाल, कॉलेजच्या भिंतीवर लाव. फक्त हे तुझ्या आईला कळू देऊ नकोस. हात जोडून मागतो. एवढं एकच.

तुझ्याकडून काहीही मागायचा हक्क नसलेला,
आत्माकाका


भाट्ये
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

चि. अक्षया,

वही दिली. तू पूर्वीशी फोनवर बोललीस हे तिने मला सांगितलं. ती आनंदाने सांगायला आली होती, पण दारातच तिचा चेहरा मला वेगळा दिसला. म्हटलं, "काय म्हणाली अक्षया?"

"वही द्यायला सांगितलंय."

"आणि?"

"नावाचं विचारलं तर म्हणाल्या, 'घाला नाहीतर नका घालू.' मग म्हणाल्या, 'काकांना विचार, आईला सांगितलं का?'"

मी त्या मुलीसमोर ओटीच्या खांबाला धरून उभा राहिलो. मी इतके दिवस समजत होतो की तुला त्या लेखातलं नाव हवं असेल. माझं डोकं किती साधं, बघ. तुला कधीच ते नको होतं. तू नुसती आईसाठी थांबली आहेस, चौदा वर्षं, आणि मी तुला लिहून कळवलं की तेवढं सोडून काहीही माग.

सही दिली. पूर्वीने ते निवेदन टाइप करून आणलं होतं. त्यात 'अनवधानाने' असा शब्द होता. मी तो खोडायला लावला. अनवधान कॅन धुण्यापुरतं होतं. सिल्व्हर नायट्रेटनंतर नव्हतं. तिने मान खाली घालून खोडला आणि मला नमस्कार न करता गेली. तेच बरोबर आहे.

त्यानंतर तीन वेळा वहिनीकडे जाऊन आलो.

पहिल्यांदा ती झोपली होती. दुसऱ्यांदा तिच्याकडे भावजय बसलेली. काल मात्र एकटी होती, सूप मांडीवर घेऊन सुकट निवडत. मला बघून म्हणाली, "काय रे, सारखा सारखा येतंस? चहाची पूड संपली काय?"

मी म्हटलं, "वहिनी, अक्षयाचं एक सांगायचं होतं."

"काय पुटपुटतंस? मोठ्यान् बोल."

तुला माहीत आहे, तिच्याशी बोलायचं म्हणजे आता ओरडावं लागतं. एक शब्द बोललं की चार घरांत ऐकू जातो. मी तिच्या कानाजवळ वाकलो आणि सांगितलं. खरंच सांगितलं, अक्षया, कॅन, पाणी, सगळं. पण हळू सांगितलं. तिला ऐकू जाणार नाही इतकं हळू. सांगताना मला ते पक्कं माहीत होतं.

"गुणगुणतोस काय मेल्या, कविता हाय काय?" ती हसली. मग सुपातला कचरा फुंकून म्हणाली, "अक्षीचं बोललास ना काहीतरी? नाव ऐकलं मी. तिचं काय सांगतोस? वर्षाला एकदा येते, नि पावण्यासारखी बसते. चहा घेते, कप इसळून ठेवते. आपल्या घरात कप कोण इसळतो रे? मी कधी इचारलं नाय, तिनं कधी सांगितलं नाय." थोडा वेळ निवडत राहिली. "तू तरी खरं बोललास तेव्हा. बाकी सगळे गप होते."

मी खरं बोललो! तिच्या मनात हे असं बसलं आहे. माझ्या त्या एका वाक्याला ती इतकी वर्षं खरं समजून जपते आहे. मी तिथेच बसून राहिलो. ती म्हणाली, "म्हण तुझी कविता," आणि मी म्हटली. शाळेतली, पाखरांची. मोठ्याने. ती मान डोलवत होती, कडव्याच्या शेवटी 'हां, हां' करत होती. कवितेला माझा आवाज बरोबर फुटला.

तेव्हा माझ्याने हे होत नाही, पोरी. लाज वाटते लिहायला, पण होत नाही. तूच ये. शिमग्याला ये नाहीतर आधी ये. तू तिला सांग, मी बाजूला उभा राहीन. तिने विचारलं तर हो म्हणेन. ह्या वेळी मान नुसती हलवणार नाही, तोंडाने हो म्हणेन. तू म्हणशील, काकाला अजून आपली सोय हवी. हवी आहे. बहात्तर वर्षांचा माणूस

मध्येच थांबलो. अंगणाच्या फाटकाची, बेड्याची कडी वाजली म्हणून खिडकीतून बघितलं.

यमुनावहिनी येते आहे. गणपतीपासून ती स्वतःच्या अंगणाबाहेर पडलेली नाही, तिला कुणी धरलेलंही नाही. कुंपणाच्या गडग्याच्या चिऱ्यांवर हात टेकत टेकत, दोन पावलं टाकून थांबत येते आहे. मी धावत जाऊन हाताला धरलं, ओटीवर बसवलं. धाप लागली होती, पण तोंड असं उजळलेलं मी कितीतरी वर्षांत पाहिलं नाही.

"अक्षीचं पत्र आलं रे! पोस्टमन आत्ता देऊन गेला. तुझी वाट कोण बघतो म्हटलं." पदराखालून तिने पाकीट काढलं. "चार ओळींवर कधी लिवत नाय माझी लेक, नि ह्ये बघ. केवढं जाड! चौदा वर्सांचं एकदम लिवलंन की काय? वाच बघू. ह्या वेळेला सगळं वाच, गाळू नको."

तुझ्या प्रत्येक पत्राला तिचे डोळे म्हणजे मीच, हे तुला नवीन नाही. तिने पाकीट माझ्या हातात दिलं. वर तुझं अक्षर. कोपरा उघडून पाहिला तर आत माझे कागद. माझी निळी शाई, माझ्या एकेरी वहीची पानं, दोन्ही पत्रांची. त्यांच्यावर तुझी एक चिठ्ठी टाचलेली, तीन शब्दांची:

'काका, मोठ्याने वाचा.'

मी तिला म्हटलं, चष्मा आणतो. म्हणून आत आलो आणि उभ्या उभ्या हे लिहितो आहे. चष्मा डोळ्यांवरच आहे.

ती बाहेर बसली आहे. पाय पसरले आहेत, कानामागे हात धरला आहे, आणि शेजारच्या पोरांना ओरडून सांगते आहे, "गप ऱ्हावा रे, माझ्या लेकीचं पत्र वाचतायत!" पोरं गप्प झाली. सगळी आळी गप्प झाली.

मी जातो. कुठलीही ओळ गाळणार नाही. मी तुझा काका उरलो की नाही, हे वाचून झाल्यावर ती ठरवील. तोवर नुसता

आत्माराम